यात्रेच्या आधी स्टँडवर झोपणारी माणसं गाडीत घालून घाटाखाली सोडली. विचारायचं कुणाला?

पेपरवाला_पहाट

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावात पेपर विकतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या पहाटे मला परत तिथंच बसायचंय.

बावीस वर्षं झाली, रोज पावणेचारला मी एस.टी. स्टँडवर असतो. टेम्पो येतो, गठ्ठे फेकून जातो. मग फलाटावर बसून सुतळ्या कापायच्या, पुरवण्या भरायच्या, लाइनीप्रमाणे गठ्ठे लावायचे. पोरं सव्वापाचला सायकली घेऊन येतात. तोवरच्या दीड तासात स्टँडवर माझ्याशिवाय जागं कोणी असलंच तर कुत्री आणि कंट्रोलरच्या केबिनमधला पंखा. बाकी सगळे झोपलेले. हे झोपलेले कोण, ते गावात माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. मुक्कामी गाडी चुकलेला पाहुणा कोणता आणि रोजचा कोणता, हे पायांवरून कळतं. पाहुणा चपला उशाला घेतो. रोजचा त्या पायांतच ठेवतो, कारण उठून पळायची वेळ कधी येईल सांगता येत नाही.

रोजचे सातआठ जण. त्यातले आबा सगळ्यात जुने. पूर्वी हॉटेलात भटारी होते. हात भाजला, काम गेलं, मुलाकडे मुंबईला गेले, तिथून चार महिन्यांत परत आले. का ते मी विचारलं नाही. आबांना वाचता येतं. गेली सहा वर्षं माझ्या पुरवण्या तेच भरतात. तीनशे चाळीस अंक, एकातही पुरवणी चुकत नाही. भरता भरता मथळे मोठ्यानं वाचतात आणि पुढाऱ्यांवर एकेक शिवी हासडतात. बदल्यात चहा, पाव आणि अंथरायला रद्दी. पैसे देऊ केले तर म्हणतात, "ठेवायचे कुठं?"

दुसरी एक बाई. नाव कोणाला ठाऊक नाही. अंगावर एकावर एक तीन साड्या, भर उन्हाळ्यात सुद्धा. बोलली तर कानडी मिसळून बोलते आणि एकच विचारते, "नळ आला का?" कोणाला त्रास नाही. गठुडं उशाला घेऊन फलाटाच्या टोकाला खांबाआड झोपते.

पोलिसांचं म्हणाल तर सगळे सारखे नाहीत. एका हवालदारानं थंडीत स्वतःचं जुनं जर्किन आबांच्या अंगावर टाकलेलं मी पाहिलंय. पण रोजची रीत वेगळी. रात्रगस्तीची गाडी दोन-अडीचला येते. काठी माणसाला मारत नाहीत, कानाशेजारी फरशीवर आपटतात. "ऊठ. आधार दाखव." आबांचं आधार पिशवीसकट चोरीला गेलंय, याच स्टँडवर. त्या चोरीची तक्रार द्यायला गेले तेव्हा ठाण्यात पहिला प्रश्न काय, तर आधार आहे का.

आता मूळ गोष्ट. चैत्रात आमच्या ग्रामदैवताची यात्रा असते. यंदा यात्रेला कोणी मोठे पाहुणे येणार होते. आदल्या आठवड्यात स्टँडला चुना मारला, कुंड्या आल्या. यात्रेच्या दोन दिवस आधी पावणेचारला गेलो तर फलाट मोकळा. एक माणूस नाही. आबांची अंथरलेली रद्दी आणि चार गठुडी तेवढी पडलेली. त्या दिवशी पुरवण्या मीच भरल्या, पोरं अर्धा तास उशिरा सुटली.

अकराव्या दिवशी आबा आले. पाय सुजलेले. म्हणाले, अडीच वाजता चौघांना गाडीत घातलं. मारलं नाही, नीट बसवलं, वर "दवाखान्यात नेतोय" असंही सांगितलं. घाट उतरून खाली गेल्यावर एका धाब्याच्या अलीकडे त्या बाईला उतरवलं, दहाबारा किलोमीटर पुढे या तिघांना. गठुडी स्टँडवरच राहिली होती. ती सकाळी घंटागाडीत गेली. येताना आबांना दोन टप्पे ट्रकवाल्यांनी आणलं, बाकी घाट पायी चढले.

ती बाई अजून आलेली नाही. आज एकवीस दिवस झाले.

माझा प्रश्न सरळ आहे. ती कुठे आहे हे मी कोणाला विचारू? ठाण्यात विचारलं तर तेच लोक समोर. ठाण्यात रोज माझे दोन पेपर जातात, त्याचं बिल कधी मिळतं, कधी राहतं. माझी बसायची जागाही कोणाच्या तरी मेहरबानीवर आहे. घाबरतोय हे कबूल. पण रोज पहाटे त्या खांबाकडे नजर जाते.

---

स्टँडरोड_शटर

भाऊ, तुमचं मन मोठं आहे, मान्य. पण माझं दुकान स्टँडसमोर आहे. सकाळी शटर उघडलं की पायरीवर घाण. ती रोज मी धुतो. मागच्या वर्षी शेजारच्याचं कुलूप फोडलं. गिऱ्हाईक बायका संध्याकाळी तिकडून यायला कचरतात. पोलिसांना फोन आम्हीच करतो, आणि त्यांनी कारवाई केली की नावं ठेवणार तुम्ही. तुम्ही साडेसहाला पेपर वाटून घरी जाता, दिवसभर तिथं बसायचं आम्हाला आहे.

---

पेपरवाला_पहाट

शेठ, पायरी धुवावी लागते हे खोटं नाही. पण स्टँडवरच्या संडासाला रात्री दहाला कुलूप लागतं आणि दिवसा पाच रुपये पडतात. माणसानं जायचं कुठं, हे एकदा त्या पायरीवर उभं राहून सांगा. आणि कुलूप फोडणारे मोटारसायकलवर आले होते. तुमच्याच कॅमेऱ्यात दिसले होते.

---

निवृत्त_जमादार

तेहतीस वर्षं खात्यात काढली. हेड कॉन्स्टेबल म्हणून बाहेर पडलो. माझा जिल्हा सांगत नाही, पण जे लिहिलंय ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. मी स्वतः अशा गाडीत बसलोय. लपवून काय करू.

आतून कसं चालतं ते सांगतो. पटवून घ्या असं म्हणत नाही. रात्री घरफोडी झाली की सकाळी साहेबांचा पहिला प्रश्न, "स्टँडवर कोण कोण होतं?" मग उचलायचं कोणाला, तर जो तिथं हमखास सापडतो त्याला. महिनाअखेर प्रतिबंधक कारवायांचा आकडा पाठवायचा असतो. तेव्हा फौजदारी संहितेचं कलम १०९ होतं, आता नव्या कायद्यात ते कलम १२८ झालं. संशयास्पद फिरताना मिळून आला, समाधानकारक उत्तर देता आलं नाही. आता ज्याला घर नाही तो "इथे का झोपलास" याला समाधानकारक उत्तर काय देणार? पण कागद भरतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. बेवारस माणूस हद्दीत मेला की कामाला लागतो तो हवालदार. अकस्मात मृत्यू दाखल करा, पंचनामा करा, पी.एम.ला न्या, फोटो काढा, वारस शोधायला बिनतारी संदेश पाठवा, काही दिवस शवागारात ठेवा, शेवटी नगरपालिकेच्या मागे लागून मूठमाती द्या. मी अशा एकोणीस मयतींना खांदा दिलाय. दोनचार वेळा पांढरं कापड खिशातून आणलंय. म्हणून थंडी-पावसाच्या तोंडावर एखादा म्हातारा खोकायला लागला की आमच्यातले काही जण त्याच्याकडे आजारी माणूस म्हणून नाही, येणारी मयत म्हणून बघतात. आणि मग साहेब म्हणतात, हद्दीबाहेर सोडून या. तोंडी. कागदावर कधीच नाही.

शेजारचे पोलीस काय कमी आहेत का? एक वेडसर माणूस होता, सारखा सलाम ठोकायचा. आम्ही त्याला पलीकडे सोडला, त्यांनी आठवड्यानं आमच्या नाक्यावर आणून सोडला. एका हिवाळ्यात तीन वेळा. तिसऱ्यांदा गाडीतून उतरून त्यानं आम्हालाच सलाम केला, तेव्हा ड्रायव्हर हसला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुमच्या कामाची गोष्ट ही: तोंडी हुकमाचा कागद नसतो, पण गाडी चालली की लॉगबुक भरावंच लागतं. किती वाजता निघाली, किती किलोमीटर झाले, किती डिझेल लागलं. त्या रात्रीची गस्त गावातल्या गावात दाखवली असेल आणि किलोमीटर घाटाखालचे निघत असतील, तर ते जुळवायला त्यांना घाम फुटेल. ठाणे दैनंदिनीतही गाडी बाहेर पडल्याची नोंद लागते. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मागा. स्वतःच्या नावानं नको असेल तर बाहेरगावच्या कोणाकडून टाका.

---

अ‍ॅड_बाररूम

वकील आहे, तालुका कोर्टात पंधरा वर्षं. जमादारसाहेब, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल तुमचे आभार मानते. आता कायद्याचं बोलू.

गावगुंडाला तडीपार करायचं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात पद्धत आहे. आधी नोटीस, त्यात आरोपांचं स्वरूप, त्याला आपली बाजू मांडायची संधी, वकील लावायची मुभा, मग लेखी आदेश, तोही जास्तीत जास्त दोन वर्षांचा, आणि त्यावर सरकारकडे अपील. माझे दोन अशील असे आहेत, दोघांवर हाणामारीचे डझनभर गुन्हे. त्यांना हे सगळं मिळालं. पुरवण्या भरणाऱ्या आबांना अडीच वाजता गाडी मिळाली. माणसाला उचलून दुसऱ्या हद्दीत सोडण्याचा अधिकार देणारं कलम मला तरी कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. ताब्यात घेतलं तर कारण सांगा, नोंद करा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. एवढंच आहे.

पोलीस भीक प्रतिबंधक कायद्याचं नाव घेतील. १९५९चा तो कायदा आपल्याकडे अजून आहे, आणि त्यातली भिकेची व्याख्या अशी की उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही तीत बसवता येतो. हात पसरायची गरज नाही. वॉरंटशिवाय अटक करता येते, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली, पण दिल्लीपुरती. गंमत बघा, इतक्या कडक कायद्यातसुद्धा त्या माणसाला कोर्टापुढे न्यावंच लागतं, चौकशी व्हावीच लागते. घाटाखाली सोडा असं तोही म्हणत नाही.

पण तुमच्या त्या बाईसाठी कायदा वेगळा आणि चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १००. मानसिक आजार असल्यासारखी वाटणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती हद्दीत भटकताना दिसली तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रमुखाचं कर्तव्य आहे. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. आणि व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची खबर ठाण्यानं दाखल करून घरच्यांचा शोध घ्यायचा. म्हणजे नातेवाईक नाहीत म्हणून तक्रार घेत नाही, हे उत्तर चालत नाही. जिला नातेवाईक सापडत नाहीत तिच्यासाठीच ते पोटकलम आहे.

तर पेपरवाले दादा, अर्ज लिहा. साध्या मराठीत. कोणावर आरोप करू नका, "पोलिसांनी सोडलं" हेही पहिल्या अर्जात नको. अमुक तारखेपर्यंत रोज दिसत होती, त्यानंतर दिसली नाही, मानसिक आजारी वाटते, कलम १०० प्रमाणे नोंद घेऊन शोध घ्यावा. पोच मागा. देत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं. गाडीचा विषय दुसऱ्या अर्जात, राज्य मानवी हक्क आयोगाला. तिथं फी नाही, पोस्टानं चालतं, घटनेपासून एका वर्षाच्या आत करावं लागतं. आबांना स्वतः काही करायचं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा किंवा १५१०० वर फोन लावून द्या. तिथं वकील फुकट मिळतो.

---

निवृत्त_जमादार

मॅडम, १०० कलम आमच्या वेळी नव्हतं. १९८७चा कायदा होता, कोर्टातून रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे मनोरुग्णालयात भरती करायचा हुकूम, घ्यावी लागायची. ती घेऊन एकदा येरवड्याला गेलो होतो, मी आणि एक महिला कॉन्स्टेबल. जायला-यायला दीड दिवस, जेवणाचे पैसे आमचे. परत आलो तर साहेब म्हणाले, "एका वेडीसाठी दोन माणसं अडकवलीत?" पुढच्या वेळी कोण जाईल? कायदा बदलला म्हणता, बरं झालं. पण राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीचा डॉक्टर अशा पेशंटला बघून आधी पोलिसालाच विचारतो, "हिला इथं का आणलंत?"

---

पालावरचा

मी बोलू का. आम्ही नाथपंथी डवरी गोसावी, भटकी जमात. मी आता पुण्यात नोकरीला आहे, पण सातवीपर्यंत पालातच वाढलो. आमच्याकडे गाव लागलं की पाल ठोकायच्या आधी वडील ठाण्यात जायचे. किती माणसं, किती बायका, किती पोरं, कुठून आलो, किती दिवस राहणार, सगळं लिहून द्यायचं. कोणी मागितलं म्हणून नाही. दिलं नाही तर रात्री येतात म्हणून. गुन्हेगार जमातींचा इंग्रजांचा कायदा खरं तर पारधी, कैकाडी, टकारी अशांवर होता. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते सुटले. पण पोलिसाची नजर जात विचारून पडत नाही. पाल दिसलं की पडते.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात आमच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या दिवसानंतर माझे वडील खिशात तीन कागद ठेवायचे: आधार, जातीचा दाखला आणि ठाण्यात दिलेल्या यादीची झेरॉक्स. झेरॉक्सवर शिक्का असेल तर तो कागद सगळ्यात वर.

सांगायचं कारण, तुमच्या आबांचं गेलेलं आधार आधी काढून द्या. अंगठ्यानं नंबर निघतो. पत्ता नसेल तर तुमच्या नगरसेवकाचं पत्र लागेल. बाकी लढाई चालू ठेवा, पण रात्री अडीचला कायदा कामाला येत नाही, कागद येतो. आणि ज्यांनी त्या बाईला उतरवलं त्यांना एक विचारा. अनोळखी, भाषा वेगळी, डोकं ठिकाणावर नाही, अशा बाईला परक्या मुलखात एकटं उतरवलं. तिथं कोणी "पोरं पळवणारी" म्हणालं असतं तर?

---

पेपरवाला_पहाट

सगळ्यांचे उपकार. चौदा दिवसांनी लिहितोय.

पालावरच्या दादांचा शेवटचा प्रश्न वाचला आणि त्याच दिवशी अर्ज लिहिला. मॅडमनी सांगितलं तसाच. ठाणे अंमलदार ओळखीचे, रोज माझा पेपर वाचणारे. अर्ज वाचून म्हणाले, "पेपरवाले, हे तुमचं काम नाही." मी म्हटलं, पोच द्या, मी जातो. ते "साहेब आल्यावर बघू" म्हणाले. तीन दिवस साहेब आले नाहीत. चौथ्या दिवशी स्पीड पोस्ट केलं. नवव्या दिवशी ठाण्यातून फोन आला, या म्हणून. पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. बायको म्हणाली, मीही येते. ती बाहेर बाकावर बसली.

आत एक नवीन, तरुण महिला हवालदार होत्या. त्यांनी नीट बसवलं, हरवल्याची नोंद घेतली, नंबर दिला. वर्णन लिहिताना पंचाईत झाली. उंची? मी तिला उभी फारशी पाहिलीच नव्हती. वय? पन्नास म्हटलं, साठही असेल. नाव, अज्ञात. मग नात्याचा रकाना आला. त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नातं काही नाही. त्या म्हणाल्या, रकाना रिकामा चालत नाही. शेवटी "पेपरवाला" लिहिलं.

लॉगबुकचा अर्ज माझ्या मेव्हण्यानं त्याच्या गावाहून टाकलाय, उत्तर यायचंय. आबांचा आधार नंबर निघाला, कार्ड माझ्या पत्त्यावर येईल. पण आबा आता स्टँडवर झोपत नाहीत, मारुतीच्या देवळामागे जातात. चारला बरोबर येतात. ठाण्याचे दोन पेपर आठवडाभर बंद होते, कालपासून परत सुरू झाले. मागचं बिलही दिलं, हे विशेष.

घाटाखालचं कोणी इथे वाचत असेल तर एवढं बघा. सावळी, बुटकी असावी, समोरचे दोन दात नाहीत, एकावर एक तीन साड्या, वरची हिरवी. गठुडं नसेल, ते इथंच गेलं. बोललीच तर नळाचं विचारेल. "आला" म्हणून सांगा, म्हणजे ती थांबते.